कट हवा मिसळीत, कनेक्शनमध्ये नको!

कोल्हापुरात बसून पुण्याच्या सर्व्हरवर लॉगिन केलंय. भूक लागली, मिसळीला गेलात, एक्स्ट्रा कट मागवलात. परत येऊन बघता तर कनेक्शनच कट, टर्मिनल गायब! का, माहीत आहे का भावांनो?

पहिला संशयित टीएमआउट. बॅश शेलचं हे व्हेरिएबल सेकंद मोजतं. तेवढ्या वेळात प्रॉम्प्टवर पूर्ण ओळ आली नाही, की शेल बंद. 0 द्या, मोजणी थांबली! अ‍ॅडमिनने ते रीड-ओन्ली केलं असेल तर मात्र त्यालाच गाठा. उघडं टर्मिनल म्हणजे कुलूप नसलेलं घर, त्याची काळजी खरीच आहे.

आणि हे घड्याळ शेल प्रॉम्प्टवर वाट बघत असतानाच चालतं. व्हिम एडिटर उघडा ठेवलात तर टीएमआउट गप्प!

टीसीशेल या दुसऱ्या शेलमध्ये याच कामाला ऑटोलॉगआउट आहे, पण तो मिनिटं मोजतो. 300 लिहा: बॅशमध्ये 5 मिनिटं, इथे 5 तास! नादच खुळा!

कधी शेल निर्दोष असतो. वाटेतला राउटर गप्प कनेक्शन विसरून जातो. मग कबड्डी आठवा! दम सुटला की रेडर बाद, म्हणून तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालूच. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटर्व्हल 60’ लिहा. सर्व्हरकडून काही आलं नाही तर दर 60 सेकंदांनी एक हाक जाते. डिफॉल्ट सेटिंगमध्ये लागोपाठ 3 हाका वाया गेल्या, तरच क्लायंट कनेक्शन सोडतो. लिनक्सची स्वतःची टीसीपी कीपअलाइव्ह हाक? डिफॉल्ट 7200 सेकंदांनी. दोन तासांत मिसळ पचलीसुद्धा!

टर्मिनल बंद होताना प्रोग्रामला जो सिग्नल जातो, त्याचं नाव माहीत आहे का? सिगहप, नंबर 1. ‘हप’ म्हणजे हँगअप, फोन ठेवणं! टर्मिनल मोडेमवरून फोन लाइनने जोडलेली असायची, त्या काळाची ही आठवण. कमांडआधी ‘नोहप’ लिहिलं की प्रोग्राम तिकडे लक्षच देत नाही.

माझा लाडका मात्र टीमक्स हा प्रोग्राम, 2007 चा. त्याचा थोरला भाऊ स्क्रीन 1987 चा! खासबाग मैदानात प्रेक्षक चहाला उठला म्हणून कुस्ती थांबते का? तसंच इथे. सर्व्हरवर टीमक्स उघडून त्यातच काम सुरू करा. कंट्रोल-बी, मग डी दाबा आणि खुशाल निघा. लाइन तुटली तरी काम सर्व्हरवर चालूच. रंकाळा तलावावर चक्कर मारून या, पुन्हा लॉगिन करा, ‘टीमक्स अटॅच’ म्हणा. कर्सर सोडला होता तिथेच लुकलुकतोय!