स्त्री-जननेंद्रियांची अर्बुदे : वयपरत्वे चिकित्सा

अंडकोश (स्त्रीबीज व स्त्री-हॉर्मोने निर्माण करणाऱ्या दोन ग्रंथी), अंडवाहिन्या, गर्भाशय, गर्भाशय-ग्रीवा (गर्भाशयाचा योनिमार्गात उतरलेला मानेसारखा भाग), योनिमार्ग आणि भग (बाह्य जननेंद्रिय) या अवयवांतील कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे ज्या गाठी निर्माण होतात, त्यांना स्त्री-जननेंद्रियांची अर्बुदे म्हणतात. इतर अर्बुदांप्रमाणेच त्यांचे साधी आणि मारक असे दोन प्रकार होतात. साधे अर्बुद जागच्या जागी वाढते. मारक अर्बुद शेजारच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांत) घुसते आणि रक्त व लसीका यांच्या वाटे दूरच्या अवयवांत रुजते. मारक अर्बुदालाच सामान्य व्यवहारात कर्करोग म्हणतात.

या अर्बुदांच्या बाबतीत रुग्णाच्या वयाला जेवढे महत्त्व आहे तेवढे शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागातील अर्बुदांत क्वचितच असते. याचे कारण असे की, हे अवयव जन्मभर एकाच स्थितीत राहत नाहीत. ऋतुप्राप्तीपूर्वी ते सुप्त असतात, पुढे सुमारे ३५ वर्षे हॉर्मोनांच्या मासिक चक्राप्रमाणे बदलत राहतात आणि ऋतुनिवृत्तीनंतर आकसतात. त्यामुळे एकाच आकाराची गाठ वीस वर्षांच्या तरुणीत निरुपद्रवी, तर साठ वर्षांच्या स्त्रीत संशयास्पद ठरते. चिकित्सेचा हेतूही बदलतो. एकीकडे रोग समूळ काढावयाचा असतो, दुसरीकडे अपत्यप्राप्तीची शक्यता व अंडकोशांचे कार्य राखावयाचे असते. या दोहोंचा मेळ घालणे हा या शाखेतील सर्वांत कठीण भाग होय.

बाल्य व कुमारावस्था : या वयात जननेंद्रियांची अर्बुदे विरळाच आढळतात, परंतु आढळल्यास त्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पाच वर्षांखालील मुलीच्या योनिमार्गातून रक्तस्राव होऊ लागल्यास द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे स्नायुजन्य मारक अर्बुद असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी लागते. पूर्वी त्यासाठी ओटीपोटातील बहुतेक अवयव काढून टाकीत. आता प्रथम रसायनचिकित्सा देऊन शस्त्रक्रिया शक्य तितकी मर्यादित ठेवतात.

मुलींच्या व तरुणींच्या अंडकोशांतील मारक अर्बुदे बहुधा बीजकोशिकांपासून उत्पन्न होतात. ती झपाट्याने वाढतात, पोट दुखते आणि काही आठवड्यांतच पोटात गोळा लागतो. अविवाहित मुलीचे पोट वाढल्यावर घरात प्रथम भलत्याच शंका घेतल्या जातात आणि मुलीला वैद्याकडे नेण्यास विलंब होतो, असा अनुभव आहे. हा विलंब अत्यंत अनिष्ट आहे, कारण ही अर्बुदे बरी होण्यासारखी असतात. रक्तातील आल्फा-फीटोप्रोटीन व मानवी जरायू-गोनॅडोट्रोपीन या पदार्थांच्या प्रमाणावरून निदानास मदत होते व पुढे रोग उलटला की काय हेही कळते. फक्त रोगग्रस्त अंडकोश व त्या बाजूची अंडवाहिनी काढतात. दुसरा अंडकोश व गर्भाशय राखतात आणि आवश्यकतेप्रमाणे ब्लिओमायसीन, एटोपोसाइड व सिसप्लॅटिन ही औषधे एकत्रितपणे देतात. रोग पसरलेला असतानाही गर्भाशय राखता येते. अशी चिकित्सा झालेल्या बहुसंख्य मुलींची मासिक पाळी पुन्हा नियमित होते आणि अनेकींना पुढे अपत्ये झाली आहेत. या वयात दोन्ही अंडकोश व गर्भाशय सरसकट काढून टाकणे ही आज चूकच मानली जाते.

कणकोशिकी अर्बुद हे हॉर्मोन निर्माण करणारे अर्बुद वयाचा प्रभाव विशेष स्पष्टपणे दाखविते. लहान मुलीत त्याच्यामुळे अकाली ऋतुप्राप्ती होते, तर वृद्धेत बंद झालेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. रोग एकच, पण एका घरी तो बालरोगतज्ञाकडे जातो, तर दुसऱ्या घरी ‘पाळी परत आली’ म्हणून हसण्यावारी नेला जातो.

अंडकोशाला पीळ पडणे ही या वयातील तातडीची आपत्ती होय. साध्या द्रवार्बुदामुळे किंवा केस, दात इ. भाग असणाऱ्या त्वचाभ अर्बुदामुळे जड झालेला अंडकोश स्वतःभोवती फिरतो, एकाएकी तीव्र वेदना व वांत्या होतात. पीळ सोडविल्यावर काळानिळा पडलेला अंडकोशही पुष्कळदा पुन्हा कार्य करू लागतो. म्हणून केवळ रंगावरून तो काढून टाकू नये, असे आता मानतात.

प्रजननक्षम वय : या काळात साध्या अर्बुदांचे प्रमाण सर्वाधिक असते. मासिक चक्रात उत्पन्न होणारी अंडकोशाची लहान द्रवार्बुदे दोन-तीन महिन्यांत आपोआप नाहीशी होतात. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्याची घाई करू नये. गर्भाशयाच्या स्नायूंतील तंत्वार्बुदे (लोकांच्या तोंडी ‘फायब्रॉइड’) तिशी-चाळिशीत फार आढळतात. पुष्कळ स्त्रियांत ती असूनही त्रास देत नाहीत. अतिरक्तस्राव, रक्तक्षय, वंध्यत्व किंवा मूत्राशयावर दाब यांसारखी लक्षणे असल्यासच चिकित्सा करतात. अपत्य हवे असणाऱ्या तरुण स्त्रीत केवळ गाठ काढून गर्भाशय पुन्हा शिवतात. चाळिशीच्या पुढे असणाऱ्या स्त्रीत औषधे, गर्भाशयात बसविण्याचे हॉर्मोनयुक्त साधन किंवा गर्भाशयाची रोहिणी बंद करणे हे पर्याय असतात. ऋतुनिवृत्ती जवळ आली असल्यास केवळ वाट पाहणेही योग्य ठरते, कारण पुढे ही अर्बुदे स्वतःच आकसतात. उलट ऋतुनिवृत्तीनंतर वाढू लागलेल्या तंत्वार्बुदाबद्दल मात्र मारक बदलाचा संशय घ्यावा लागतो.

गर्भाशय-उच्छेदन हा अखेरचा उपाय असताना तोच पहिला म्हणून वापरला जाण्याची उदाहरणे महाराष्ट्रात घडली आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांपैकी अनेकींची गर्भाशये तरुण वयातच काढण्यात आल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ‘गाठ आहे, कर्करोग होईल’ अशी भीती आणि तोडणीच्या हंगामात मजुरी बुडण्याची धास्ती या दोन्ही गोष्टींचा त्यामागे भाग होता. अंडकोश काढले असल्यास तिशीतील स्त्री एका दिवसात ऋतुनिवृत्तीच्या अवस्थेत जाते. हाडे ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. ते राखले तरी ऋतुनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव असतो.

द्राक्षगर्भ व त्यापासून उद्‌भवणारे जरायुकर्क हे अर्बुद गर्भधारणेनंतर, म्हणजे बहुधा तरुणपणीच होते. पूर्वी ते जवळजवळ नेहमीच प्राणघातक असे. १९५६ मध्ये अमेरिकेत ली व हर्ट्‌झ या वैद्यांनी मेथोट्रेक्झेट या औषधाने ते बरे करून दाखविले. घन स्वरूपाचे मारक अर्बुद केवळ औषधाने बरे झाल्याचे हे पहिलेच उदाहरण होय. आज फुप्फुसांत पसरलेला रोगही गर्भाशय न काढता बहुधा बरा होतो.

गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग : भारतीय स्त्रियांत, विशेषतः ग्रामीण व गरीब वर्गात, हा रोग फार मोठ्या प्रमाणात आढळतो. मानवी पॅपिलोमा व्हायरसाचा दीर्घकाल संसर्ग हे त्याचे कारण आहे. संसर्ग तरुण वयात होतो व बहुतेक स्त्रियांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांच्यात कर्कपूर्व बदल होऊन दहा-वीस वर्षांनी कर्करोग दिसतो. यामुळे लस कुमारवयात, तपासणी तिशीनंतर आणि चिकित्सा बहुधा चाळिशी-पन्नाशीत असा या रोगाचा वयानुक्रम बनला आहे.

या तिन्ही टप्प्यांवर महाराष्ट्रात महत्त्वाचे संशोधन झाले आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. खेड्यापाड्यांत लक्षणांची माहिती दिल्यानेच रुग्ण रोगाच्या आधीच्या अवस्थेत येऊ लागतात, असे तेथे दिसून आले. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या सु. १,३१,००० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात व्हायरसाच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने ग्रीवेला पातळ केलेले ॲसिटिक अम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची साधी पद्धत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी वापरली. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्यावर मृत्युप्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही प्रयोगांतील तुलनेच्या गटात स्त्रियांची अशी तपासणी केली गेली नाही, याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत.

लसीच्या मात्रांविषयीचे ज्ञान तर एका अडथळ्यातून मिळाले. २००९ मध्ये भारतात बार्शी, पुणे व मुंबई यांसह अनेक केंद्रांवर १० ते १८ वर्षे वयाच्या अविवाहित मुलींना दोन अथवा तीन मात्रा देण्याची तुलना सुरू झाली. २०१० मध्ये शासनाने लसीकरणाचे प्रयोग थांबविल्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांचे अनेक वर्षे निरीक्षण केल्यावर एका मात्रेनेही टिकाऊ संसर्गापासून जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळते, असे आढळले. लसीचा उपयोग संसर्गापूर्वी दिली तरच पुरेपूर होतो; झालेला रोग तिने बरा होत नाही.

कर्कपूर्व अवस्थेत विकृत भाग गोठवून, जाळून किंवा शंकूच्या आकारात कापून काढला की पुरते. तरुण स्त्रीत अगदी लहान कर्करोग असल्यास केवळ ग्रीवा व तिच्या भोवतीचे ऊतक काढून गर्भाशय राखता येते. अशा वेळी पुढील गर्भ टिकावा म्हणून उरलेल्या भागाभोवती टाका घालतात. ग्रीवेच्या टाक्याची कल्पना मूळचे गोव्याचे व मुंबईत कीर्ती मिळविलेले वि. ना. शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी वारंवार होणाऱ्या गर्भपातांसाठी रूढ केली होती. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत तिला असा दुसरा उपयोग मिळाला. चाळिशीच्या आतील स्त्रीला ओटीपोटावर प्रारण द्यावयाचे झाल्यास अंडकोश आधी उचलून प्रारणक्षेत्राबाहेर, वरच्या बाजूस बसवितात.

रोग अधिक वाढलेला असल्यास प्रारण चिकित्सा हाच मुख्य उपाय होय. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सु. पाच आठवडे बाहेरून प्रारण, त्याबरोबर आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन आणि नंतर ग्रीवेजवळ किरणोत्सर्गी उद्‌गम ठेवून आंतरप्रारण, असा क्रम असतो. टाटा स्मारक रुग्णालयात तिसऱ्या अवस्थेच्या ८५० रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण नुसत्या प्रारणाने ४६ टक्के, तर औषधाची जोड दिल्यावर ५४ टक्के आढळले. सर्व चिकित्सा आठ आठवड्यांत संपणे आवश्यक असते. मध्ये खंड पडल्यास गुण कमी येतो.

येथे वैद्यकाबाहेरच्या गोष्टी निर्णायक ठरतात. वसई-विरारचे उदाहरण घेता येईल. २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या या शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर होती. वसईतील बंगली येथील कार्डिनल ग्रेशियस स्मारक रुग्णालयासारखी रुग्णालये तेथे आहेत. तथापि कर्करोगाच्या विशेष चिकित्सेसाठी येथील अनेक रुग्ण परळला टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) जातात. विरार ते दादर हे अंतर सु. ५० किमी. आहे. पाच आठवडे रोज हा लोकलचा प्रवास करणे, तेही प्रारणाने जुलाब व थकवा आलेला असताना, निरोग्यालाही जड जाईल. लोकलमधील अपंगांच्या डब्यात कर्करोग्यांना प्रवेश असतो, ही सोय लहान वाटली तरी कितीतरी जणींची चिकित्सा तिच्यामुळे पुरी होते. चाळिशीतील स्त्रीला घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा आणि नोकरी किंवा भाजी-मासळीचा धंदा सांभाळून हे करावयाचे असते. सत्तरीतील स्त्रीला सोबत कोण जाणार हा प्रश्न असतो. चिकित्सा अर्धवट सुटण्याची कारणे पुष्कळदा अशीच असतात. म्हणून पहिल्याच भेटीत राहण्याची व सोबतीची चौकशी करणे हाही चिकित्सेचाच भाग समजला पाहिजे.

ऋतुनिवृत्तीनंतरचा काळ : पाळी बंद होऊन एक वर्ष लोटल्यावर झालेला थेंबभर रक्तस्रावही कर्करोगाचा समजून तपासावा, असा नियम आहे. बऱ्याच वेळा कारण साधे निघते. परंतु गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग याच लक्षणाने वेळीच सापडतो. स्थूलता, मधुमेह व वंध्यत्व असणाऱ्या स्त्रियांत तो अधिक होतो. जीवोतक परीक्षेने (ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाने तपासण्याने) निदान झाल्यावर गर्भाशय, अंडवाहिन्या व अंडकोश काढतात. क्वचित हा रोग तरुण स्त्रीत अगदी आरंभीच्या अवस्थेत आढळला व तिला अपत्य हवे असले, तर प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांनी काही काळ नेता येते. मात्र नियमित तपासणी करावी लागते आणि अपत्यप्राप्तीनंतर शस्त्रक्रिया सुचवितात.

अंडकोशाचा अधिस्तरीय कर्करोग हा या वयातील सर्वांत फसवा रोग होय. पोट फुगणे, भूक मंदावणे, थोडे खाल्ल्यावर पोट भरणे या तक्रारी ‘गॅस’ समजून महिनोन्‌महिने त्यांवर चूर्णे घेतली जातात आणि निदान होते तेव्हा बहुधा जलोदर झालेला असतो. शस्त्रक्रियेने दृश्य रोग शक्य तितका सर्व काढणे आणि कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही औषधे देणे, असे उपचार असतात. दुर्बल रुग्णात काही औषध आधी देऊन मग शस्त्रक्रिया करतात. आई, मावशी किंवा बहीण यांना अंडकोशाचा वा स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास आनुवंशिक दोषाची चाचणी करणे इष्ट असते. दोष आढळलेल्या स्त्रीत अपत्ये झाल्यावर अंडकोश व अंडवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात.

भगाचा कर्करोग मुख्यतः वृद्धांत होतो. अनेक महिने टिकणारी खाज किंवा न भरणारा व्रण ही त्याची लक्षणे होत. संकोचामुळे ती मुलीला वा सुनेलाही सांगितली जात नाहीत आणि जांघेत गाठी आल्यावरच रुग्णाला आणले जाते.

वृद्ध स्त्रीला ‘आता वय झाले’ म्हणून संपूर्ण चिकित्सा नाकारणे योग्य नाही. वर्षांच्या संख्येपेक्षा मूत्रपिंडे, हृदय व पोषण यांची स्थिती आणि ती स्वतःची कामे स्वतः करते की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. वाढलेल्या ग्रीवा-कर्करोगाने मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्या असतील, तर सिसप्लॅटिनऐवजी दुसरे औषध अथवा केवळ प्रारण देतात. रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल, तेव्हा मॉर्फिनाने वेदनाशमन, दुर्गंधी व रक्तस्राव यांवर उपाय आणि घरच्यांना शुश्रूषेचे शिक्षण यांवर भर देतात. निर्णयाच्या वेळी नातलगांनी रुग्णेला वगळून डॉक्टरांशी बोलण्याची पद्धत सर्वत्र आढळते. परंतु सत्तरीच्या स्त्रीलाही तिचा रोग व उपाय समजावून सांगून तिची इच्छा विचारणे आवश्यक आहे.