दगडाचे बेट, माळाचा समुद्र : परंडा

सपाट काळ्या रानात परंड्याचा किल्ला लांबून दिसत नाही. त्याला डोंगराची उंची नाही की समुद्राची खोली नाही. गावाच्या अंगाला चिकटलेला, चौफेर खंदकाने वेढलेला असा हा भुईकोट अगदी जवळ गेल्यावरच आपला खरा आकार दाखवतो. तरीही सोळाव्या-सतराव्या शतकांत अहमदनगर, विजापूर आणि दिल्ली या तिन्ही सत्तांना तो हवा होता. अकबर, जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब या चार बादशहांच्या दख्खनच्या राजकारणात त्याचे नाव पुन्हा पुन्हा येते. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकावरच्या तालुक्याच्या गावाला हे महत्त्व कशामुळे मिळाले, याचे उत्तर त्याच्या भूगोलात आहे.

हे समजायला एक दूरचे उदाहरण पाहू. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला कास्तेलोरिझो नावाचे एक लहानसे ग्रीक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम नऊ चौरस किलोमीटर. तुर्कस्तानचा किनारा दोन किलोमीटरवर. नदी नाही, त्यामुळे पावसाचे पाणी टाक्यांत साठवूनच तिथे माणसे जगली. सेंट जॉनच्या सरदारांनी तिथे किल्ला बांधला. मग इजिप्तचे मामलूक, नेपल्सचा राजा, उस्मानी तुर्क, फ्रेंच, इटालियन असे धनी बदलत १९४८ मध्ये ते अधिकृतपणे ग्रीसचे झाले. दोन सत्तांच्या मधोमध असलेल्या चिमुकल्या जागेच्या वाट्याला तिच्या आकाराहून कितीतरी मोठा इतिहास येतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या परंड्याचेही असेच झाले. त्याच्याभोवतीचा समुद्र मात्र कोरडा होता.

सीनेचे खोरे आणि खंदकाचे पाणी

धाराशिव जिल्ह्याच्या मधून बालाघाटची रांग जाते. तिच्या पूर्वेकडचे पाणी तेरणा-मांजरा मार्गाने गोदावरीला मिळते. पश्चिम उतारावरचे पाणी सीनेत येते आणि सीना ते सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या हवाली करते. परंडा या पश्चिम उतारावर, सीनेच्या खोऱ्यात आहे. नदीपलीकडे करमाळा, दक्षिणेला बार्शी आणि माढा, उत्तर-पूर्वेला भूम. सगळा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेभरवशाचा, जमीन काळी, पीक ज्वारीचे.

अशा मुलखात किल्ला बांधायचा तर निसर्गाकडून मदत शून्य. देवगिरीला कडा मिळाला, जंजिऱ्याला समुद्र मिळाला. परंड्याला संरक्षण खणून काढावे लागले. खंदक खणायचा, त्यात पाणी खेळवायचे, त्यामागे ठेंगणा पडकोट आणि त्यामागे उंच मुख्य तट उभारायचा. शत्रूची तोफ पहिल्या तटावर रोखावी तर मागच्या तटावरून तिच्यावर मारा होतो. मुख्य तट पाडावा तर पुढचा तट आणि खंदक आडवे येतात. दरवाज्यांची वाट वळणे घेत आत जाते, त्यामुळे हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ जागाच उरत नाही. बुरूज गोल, त्यांत बंदुका झाडायला जंग्या, वर तोफांसाठी प्रशस्त चौथरे.

या बांधणीचे श्रेय परंपरेने बहमनी वजीर महमूद गावानला दिले जाते. गावान मूळचा इराणमधल्या गिलान प्रांताचा. बीदरचा प्रसिद्ध मदरसा त्याने १४७२ मध्ये बांधला. त्याच वर्षी बेळगावच्या वेढ्यात त्याने दारूचे सुरुंग लावून तट फोडल्याचे फार्सी इतिहासकार नोंदवतात. दारूगोळ्याने तट कसा कोसळतो हे पाहिलेल्या पिढीने दख्खनचे भुईकोट नव्याने घडवले. पूर्व भूमध्यातही त्याच सुमारास हीच धडपड चालू होती : १४८० च्या तुर्की वेढ्यातून वाचल्यावर ऱ्होड्स बेटाच्या सरदारांनी आपले तट जाड केले आणि खंदक रुंदावले, तरी १५२२ मध्ये सुलेमानाच्या सैन्याने ते बेट घेतलेच. दारूगोळ्याचे ज्ञान समुद्रमार्गाने आणि माणसांबरोबर फिरत होते. ते परंड्यापर्यंत पोचले होते, याचा एक अवजड पुरावा पुढे येणारच आहे.

परंड्याची वस्ती मात्र या किल्ल्याहून पुष्कळ जुनी. चालुक्यकालीन लेखांत येणारा ‘पलियंड ४०००’ हा प्रदेश अभ्यासक परंड्याशी जोडतात. किल्ल्यातल्या मशिदीचे कोरीव खांब जुन्या मंदिराचे आहेत. आवारात गणेश, सप्तमातृका आणि जैन तीर्थंकर यांच्या मूर्ती आहेत, नरसिंहाचे मंदिर आहे, हमामखाना आहे, पायऱ्यांची विहीर आहे. एका तटाच्या आत मराठवाड्याचे हजार वर्षांचे थर एकमेकांना लागून उभे आहेत.

हबशी सरदाराची राजधानी

ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. चांदबीबी मारली गेली, बालसुलतान कैद झाला. निजामशाही संपली असे अकबराच्या दरबाराने मानले. परंड्याने तो समज खोटा ठरवला. आफ्रिकेच्या हबशाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि आपल्या कर्तबगारीने दख्खनमध्ये सरदार झालेला मलिक अंबर इथे उभा राहिला. निजामशाही घराण्यातल्या एका वंशजाला त्याने मुर्तजा या नावाने परंड्यात गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्य चालू ठेवले. पुढे राजधानी जुन्नरला आणि मग दौलताबादेला गेली. पण अहमदनगर पडल्यानंतरच्या सर्वांत कठीण काळात निजामशाहीला छत्र मिळाले ते परंड्यात.

ही निवड विचारपूर्वक झालेली होती. अहमदनगरहून मोगल पुढे आले तरी परंडा विजापूरच्या आदिलशाही सरहद्दीजवळ होते. मागे विजापूर असल्याने मदत मागता येई, माघार घेता येई. याच वर्षांत मराठा घोडदळाला हाताशी धरून अंबरने गनिमी काव्याची लढाई विकसित केली. मोठ्या फौजेशी समोरासमोर न भिडता तिची रसद तोडायची, हे तिचे सूत्र. या माळावर त्या सूत्राची ताकद पुढे दिसली.

दोन वेढे आणि वैरणीचा प्रश्न

शाहजहान गादीवर आल्यावर मोगलांनी दख्खनवर सगळा जोर लावला. सरदार आझमखानाने धारूर जिंकले आणि १६३१ मध्ये परंड्याला वेढा घातला. मोर्चे लागले, तोफा रोखल्या गेल्या. पण तो काळ दख्खनच्या महाभयंकर दुष्काळाचा होता. १६३० ला पाऊस दडी मारून बसला आणि पुढची दोन वर्षे गुजरातपासून दख्खनपर्यंत माणसे आणि जनावरे मेली. परंड्याभोवतीच्या रानात गवताची काडी उरली नव्हती. हजारो घोडे, हत्ती आणि बैल घेऊन आलेल्या फौजेला वैरण मिळेना, आणि आझमखानाला वेढा उठवून परतावे लागले.

पुढच्याच वर्षी किल्ला निजामशाहीकडून आदिलशाहीकडे गेला, तोही लढाईविना.

१६३४ मध्ये मोगल पुन्हा आले. या वेळी बादशहाचा मुलगा शाह शुजा सेनापती होता आणि त्याच्याबरोबर नुकताच दौलताबाद जिंकलेला महाबतखान. इतका अनुभवी सेनानी दख्खनमध्ये दुसरा नव्हता. सुरुंग खणले गेले. विजापूरच्या फौजांनी वेढ्याला सरळ टक्कर दिली नाही. वैरण आणि सरपण आणायला बाहेर पडणाऱ्या मोगली तुकड्या त्यांनी लक्ष्य केल्या. चारा आणायला दर वेळी मोठी फौज सोबत द्यावी लागे आणि दर वेळी झुंज होई. अशाच एका चकमकीत महाबतखान अडचणीत आला आणि खान दौरानने त्याला सोडवले. त्यावरून छावणीत मानापमान झाले, सरदारांत फूट पडली. पावसाळा तोंडावर आला. काळ्या जमिनीत पहिल्या पावसानंतर तोफेचा गाडा रुततो, हे सगळ्यांनाच माहीत होते. वेढा उठला, फौज बऱ्हाणपूरकडे परतली. त्याच वर्षी महाबतखानाचे निधन झाले.

या दोन वेढ्यांतून परंड्याच्या बळाचे रहस्य उलगडते. तट भक्कम होते, यात शंका नाही. पण त्याहून भक्कम होता तो तटाबाहेरचा माळ. आत पाणी आणि धान्य साठवलेले, बाहेर मैलोगणती काहीच नाही. वेढलेल्यांपेक्षा वेढा घालणाराच आधी उपाशी पडायचा. आपण मराठवाड्याच्या कोरडेपणाकडे फक्त दुर्दैव म्हणून पाहतो. किल्ला बांधणाऱ्यांनी तो नीट ओळखला होता आणि आपल्या बाजूने वापरला होता.

मुलुख मैदानचा प्रवास

आता तो अवजड पुरावा. विजापूरच्या शेर्झा बुरुजावरची ‘मुलुख मैदान’ तोफ पाहायला देशभरातून लोक जातात. ती ओतली गेली अहमदनगरला, १५४९ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातून आलेला कारागीर. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन सुमारे ५५ टन, आणि तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या श्वापदाचा जबडा. बाबराच्या पानिपतच्या तोफखान्यातही मुस्तफा रूमी होता. तुर्की तोफकारांना त्या शतकात हिंदुस्थानभर मागणी होती.

ही तोफ बरीच वर्षे परंड्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. सरळ रेषेतही हे अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त, आणि वाटेत भीमा. शेकडो बैल आणि हत्ती जुंपून ती ओढल्याचे सांगतात. बरोबर नेलेली दुसरी मोठी तोफ नदीत बुडाली, अशी परंपरा आहे. १८५४ मध्ये ही तोफ इंग्रजी अमलात लिलावात निघाली आणि बोली लागली फक्त दीडशे रुपयांची. सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. परंड्याच्या बुरुजांवर आजही पंचधातूच्या आणि लोखंडी बांगडी बनावटीच्या तोफा आहेत. मुलुख मैदानाइतके नाव त्यांना मिळालेले नाही, पण त्या त्याच धातुविद्येच्या वारसदार आहेत.

तहात दिलेला, पैशाने मिळालेला

१६३६ च्या तहात निजामशाहीची वाटणी झाली आणि परंडा आदिलशाहीकडे राहिले. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर आणि कल्याणी घेतल्यावर विजापूरने या दोन किल्ल्यांबरोबर परंडाही देण्याचे कबूल केले. पण शाहजहान आजारी पडल्याची बातमी आली आणि मोगल शाहजादे वारशाच्या लढाईत गुंतले. किल्ला ताब्यात घ्यायला आलेल्या मोगल सेनानी मीर जुमल्याला आदिलशाही अधिकाऱ्यांनी झुलवत ठेवले आणि अखेर तो रिकाम्या हाताने परतला. १६६० मध्ये, शायिस्ताखान पुण्यात ठाण मांडून बसला असताना, किल्लेदार गालिबला फितवून मोगलांनी परंडा मिळवले. दोन मोठ्या वेढ्यांना जे साधले नाही ते पैशाने साधले. १६६६ च्या आरंभी विजापूरची मोहीम फसल्यावर मिर्झाराजा जयसिंगाची थकलेली फौज याच परंड्याच्या आसऱ्याला आली.

पुढे हैदराबादच्या निजामाचे राज्य आले आणि तोफांचा काळ सरला. सरहद्द मात्र संपली नाही. सीनेपलीकडे आणि बार्शीकडे इंग्रजी मुलूख, अलीकडे हैदराबाद संस्थान. १८५३ ते १८६० हा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे होता, तेवढाच अपवाद. हैदराबाद मुक्तिसंग्रामात संस्थानातून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्यांची ठाणी सोलापूर-नगरच्या सरहद्दीवर होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि ही सीमा पुसली गेली.

वेढ्यांपलीकडचे परंडा

लढाया संपल्यावरही इथले जगणे चालू राहिले. तालुक्यातल्या डोमगावी, सीनेच्या काठी, समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत तिथे जपली गेली. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी दासबोधाची आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा याच डोमगाव प्रतीचा आधार घेतला. एकोणिसाव्या शतकात हंसराजस्वामींनी परंड्यात राहून ‘वेदेश्वरी’, ‘लघुवाक्यवृत्ती’ यांसारखे ग्रंथ रचले आणि इथेच देह ठेवला. गावात ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांची माणसे जमतात. सत्तांनी या जागेकडे ठाणे म्हणून पाहिले. माणसांनी तिथे मराठी वेदान्त लिहिला, पोथ्या राखल्या, जत्रा भरवल्या.

पाण्याचा हिशेबही बदलला. सीनेवर कोळेगावचे धरण झाले. चांदणी, खासापुरी हे प्रकल्प झाले. ज्वारीच्या रानांत ऊस आला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला असा पूर आला की परंडा तालुक्यातली गावे चहूबाजूंनी पाण्याने वेढली गेली आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. वैरणीवाचून मोगल फौज जिथून परतली, त्याच खोऱ्यात दावणीची जनावरे वाहून गेली, उभी पिके आणि खालची मातीही गेली.

म्हणून परंड्याच्या किल्ल्याकडे फक्त जुन्या पराक्रमाची खूण म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. तटाच्या सांध्यांतली झुडपे काढायला हवीत, तोफांवरच्या लेखांचे वाचन मराठीत लोकांसमोर यायला हवे, मूर्ती नीट मांडायला हव्यात. पण त्याहून महत्त्वाचे काम वेगळे आहे. खंदकात पाणी कुठून येत होते, उन्हाळाभर कसे टिकत होते, जादाचे पाणी कुठे सोडले जात होते, आतल्या विहिरींशी त्याचा संबंध काय होता, याचा पाहणीसह अभ्यास व्हायला हवा. मराठवाड्यातल्या स्थापत्याच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी हा घरच्या अंगणातला विषय आहे. ज्यांनी हा भुईकोट बांधला आणि लढवला त्यांना या जमिनीचा उतार, तिची तहान आणि तिचा चिखल ठाऊक होता, आणि त्या माहितीवर विसंबून त्यांनी दिल्लीच्या फौजा दोनदा परतवल्या. दुष्काळ आणि महापूर या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या आजच्या परंड्याला या माहितीची गरज त्यांच्याइतकीच आहे. ती मिळवायची तर सुरुवात किल्ल्याच्या खंदकापासून करता येईल.