अंतकालीन वैद्यकीय निर्णय

बरा न होणारा आजार अखेरच्या टप्प्यात पोहोचल्यावर कोणते उपचार सुरू करावयाचे, कोणते चालू ठेवावयाचे व कोणते थांबवावयाचे, यासंबंधी रुग्ण, आप्त व डॉक्टर यांनी मिळून घ्यावयाचे निर्णय. छातीवर दाब देऊन बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करणे, कृत्रिम श्वसनयंत्र लावणे, डायलिसिस करणे, नळीवाटे अन्न देणे इ. उपचारांबाबत असे निर्णय घ्यावे लागतात. उपचार थांबविल्यावर मृत्यू येतो तो मूळ आजारामुळे. घातक औषध देऊन जीवन संपविणे ही याहून भिन्न क्रिया असून भारतात ती गुन्हा ठरते.

पार्श्वभूमी : हा प्रश्न वैद्यकाच्या प्रगतीतूनच निर्माण झाला. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली असता, श्वसन दुर्बल झालेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत हाताने हवा भरून अनेकांना जगविण्यात आले. त्या अनुभवातून अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. या साधनांनी असंख्यांना जीवदान मिळाले. तथापि ज्यांचा आजार परतविणे शक्य नव्हते, त्यांचे मरण मात्र लांबू लागले. शुद्धीत असतानाच उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवण्याची कल्पना अमेरिकन वकील लुईस कुट्नर यांनी १९६९ मध्ये मांडली. १९७६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अशा लेखास कायद्याची मान्यता दिली.

भारतातील कायदेशीर स्थिती : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग या १९७३ मधील हल्ल्यानंतर सु. ४१ वर्षे भानाविना अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने एका लेखिकेने केलेली विनंती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नाकारली. त्यांची शुश्रूषा करणारा रुग्णालयाचा सेवकवर्ग त्यांच्या जगण्याच्या बाजूचा होता. मात्र उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवनाधार काढून घेता येईल, हे तत्त्व त्या निकालात मान्य झाले. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न या प्रकरणाने ठळक केला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संविधानाच्या अनुच्छेद २१ खाली सन्मानाने मरण्याचा हक्क व वैद्यकीय पूर्वनिर्देश या दोहोंस मान्यता दिली. पूर्वनिर्देशाची कार्यपद्धती २०२३ मध्ये सुलभ करण्यात आली.

त्यानुसार सज्ञान व सुस्थिर मनाच्या व्यक्तीस दोन साक्षीदारांसमक्ष पूर्वनिर्देशावर स्वाक्षरी करता येते. तो नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावा लागतो. स्वतः निर्णय घेणे अशक्य झाल्यास संमती कोणी द्यावी, त्या आप्तांची नावे त्यात नमूद करावयाची असतात. पूर्वनिर्देश केव्हाही लेखी रद्द करता येतो. तो अमलात आणण्यापूर्वी रुग्णालयाचे प्राथमिक व दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांचे मत घेतात व न्यायदंडाधिकाऱ्यास कळवितात. पूर्वनिर्देश नसल्यास जवळच्या आप्तांच्या संमतीने हीच पद्धत अनुसरतात.

संवाद : सर्व संभाव्य प्रसंग कागदावर आधी मांडता येत नाहीत. त्यामुळे ज्याचे नाव लिहिले आहे, त्याला रुग्णाचे मन ठाऊक असणे हे लेखाइतकेच महत्त्वाचे असते. आपल्याकडे गंभीर निदान प्रथम मुलांना सांगून रुग्णापासून लपविण्याचा प्रघात आहे. यामागे माया असली, तरी रुग्णाचा बोलण्याचा काळ निघून जातो आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलामुलींवर निर्णयाचा सारा भार पडतो. पुढे ‘आपणच आईला जाऊ दिले’ ही टोचणी त्यांना वर्षानुवर्षे छळू शकते.

म्हणून अशी चर्चा रुग्ण शुद्धीत व स्थिर असताना, एकांतात व पुरेसा वेळ देऊन करणे इष्ट ठरते. आजाराविषयी त्याला काय ठाऊक आहे व आणखी किती जाणून घ्यावयाचे आहे, हे डॉक्टरांनी आधी विचारावे व नंतर सोप्या शब्दांत वस्तुस्थिती सांगावी. उपचारांची नावे पुढे ठेवण्यापेक्षा, त्याला कशाची भीती वाटते, घरी राहावेसे वाटते की रुग्णालयात, कोणत्या स्थितीतील जगणे त्याला नकोसे होईल, हे विचारणे अधिक उपयुक्त असते. रुग्ण बोलू शकत नसल्यास आप्तांना ‘तुम्हाला काय हवे?’ असे न विचारता ‘त्यांनी स्वतः काय सांगितले असते?’ असे विचारावे. त्यामुळे आप्त हे निर्णयाचे धनी न राहता रुग्णाच्या इच्छेचे निवेदक ठरतात. यशाची खात्री नसल्यास एखादा उपचार ठराविक मुदतीपुरता करून पाहून फेरविचार करता येतो.

उपचार थांबविणे म्हणजे रुग्णास वाऱ्यावर सोडणे नव्हे. वेदना, धाप व अस्वस्थता यांचे शमन अखेरपर्यंत चालू ठेवावयाचे असते. या उपशामक चिकित्सेचा पाया सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिसने घातला. भारतात १९८६ मध्ये मुंबईत शांती आवेदना सदन स्थापन झाले. मॉर्फीन हे तीव्र वेदना व धाप यांवरील प्रभावी औषध होय. ते रुग्णांना सुलभतेने मिळावे म्हणून अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ हे वाक्य म्हणूनच वैद्यकीय दृष्ट्याही अयथार्थ ठरते.