मोह येणे आणि मोहाला संमती देणे

ख्रिस्ती जीवनातल्या मोहाबद्दल बोलायचं म्हटलं की आपण थेट उपायांकडे वळतो. प्रार्थना करा, उपास करा, संगत बदला. हे उपाय चांगलेच आहेत. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, कारण तो न सुटल्यामुळे पुष्कळ प्रामाणिक माणसं आतल्या आत खचलेली असतात. प्रश्न असा: मनात वाईट विचार आला, म्हणजे पाप घडलं का? उपासनेला बसलेलं असतानाच एखाद्याबद्दल द्वेष उसळतो, नको ते चित्र डोळ्यांपुढे येतं. मग माणूस म्हणतो, ‘आमची श्रद्धाच खोटी. आता उरलंसुरलं कशाला सांभाळायचं?’ विचार आल्यानं जेवढं नुकसान झालं नसतं, तेवढं या निराशेनं होतं.

आपली भाषा इथं आपल्याला मदत करते. मराठीत ‘मोह होतो’ आणि माणूस ‘मोहाला बळी पडतो’. ‘मोह आवरला’ असंही आपण म्हणतो. म्हणजे मोह झाला होता, तरी माणूस पडला नाही. या दोन क्रियापदांच्या मध्ये काही जागा आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘पेइरास्मॉस’. त्याचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही. म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत मराठी शास्त्रात आपल्याला ‘परीक्षा’ हा शब्द भेटतो.

आता मत्तयाच्या चौथ्या अध्यायाकडे बघा. येशू ४० दिवस अरण्यात उपाशी आहे आणि सैतान त्याच्यापुढे तीन गोष्टी ठेवतो: भाकरी, चमत्काराचा देखावा आणि जगाची सत्ता. मोह येणं हेच पाप असतं, तर हा प्रसंग सांगताच आला नसता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातही दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: ख्रिस्ताची परीक्षा आपल्यासारखीच झाली आणि तो निष्पाप राहिला.

यावर कुणीतरी लगेच हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. त्याच मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की, परस्त्रीकडे वासनेनं पाहणाऱ्यानं मनात व्यभिचार केलाच. मग विचार निर्दोष कसा? इथं ग्रीक वाक्याची रचना नीट पाहावी लागते. तिथं पाहण्यामागचा हेतू सांगितला आहे: वासना धरण्यासाठी पाहणं. नजर गेली, मन हललं, ही एक गोष्ट. ती नजर मुद्दाम तिथं ठेवली, वासनेला खतपाणी घातलं, ही दुसरी. संत ऑगस्टीन यांनी डोंगरावरील प्रवचनावर भाष्य लिहिताना हाच भेद केला. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या: सूचना, गोडी आणि संमती. सूचना बाहेरून किंवा आठवणीतून येते, मनाला तिची गोडी वाटते, आणि शेवटी मन ‘हो’ म्हणतं. पाप पुरं होतं ते या ‘हो’मध्ये, मग कृती घडो वा न घडो.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना ही मांडणी ओळखीची वाटेल. त्याआधी स्टोइक विचारवंतांनी म्हटलं होतं की, वादळात सापडलेल्या जहाजावर शहाण्याचाही चेहरा पांढरा पडतो. ती पहिली हालचाल त्याच्या हातात नसते. ‘हे खरोखर वाईट आहे’ या समजुतीला संमती द्यायची की नाही, एवढंच त्याच्या हातात असतं. ख्रिस्ती विचारानं हा भेद घेतला आणि प्रार्थनेच्या कामाला लावला.

हे काम ज्यांनी अगदी बारकाईनं केलं, ते इव्हाग्रियस. जन्म इ.स. ३४५च्या सुमारास, काळ्या समुद्राजवळच्या पोंतस प्रांतात. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ते डीकन होते, विद्वान म्हणून नाव होतं. तिथं एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीत त्यांचं मन गुंतलं. त्यांचे शिष्य पल्लाडियस सांगतात की, एका स्वप्नात त्यांनी शहर सोडण्याची शपथ घेतली आणि जागे झाल्यावर ती पाळली. ते जेरुसलेमला गेले, तिथून इजिप्तला. केलिया नावाच्या वाळवंटी वस्तीत हस्तलिखितांच्या नकला करून ते पोट भरत. ३९९ साली त्यांचं निधन झालं.

इव्हाग्रियस यांनी साधकाला छळणारे आठ विचार मोजले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, उबग, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. आपल्याला लगेच षड्रिपू आठवतील. पण इथं शब्द पाहा. ते यांना ‘विचार’ म्हणतात, पापं म्हणत नाहीत. पुढे जॉन कॅशियन यांनी ही यादी लॅटिन जगात नेली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिची फेररचना केली. त्यातूनच सात प्रमुख पापांची यादी रूढ झाली. विचारांची यादी पापांची यादी झाली, आणि मधली ती जागा पुष्कळांच्या नजरेआड गेली. इव्हाग्रियस यांचं मूळ म्हणणं मात्र स्वच्छ होतं: हे विचार आपल्याला त्रास देतात की नाही, हे आपल्या हाती नाही. ते मनात मुक्काम करतात की नाही, हे आपल्या हाती आहे.

त्यांनी उबगाचं केलेलं वर्णन तर आजचं वाटतं. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार येतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधक सारखा खिडकीबाहेर बघतो, जेवणाची वेळ किती लांब आहे याचा अंदाज घेतो. मग वाटतं, या जागेत काही अर्थ नाही, इथल्या लोकांत प्रेम उरलेलं नाही, देवाची सेवा काय कुठंही करता येते. आपण खिडकीऐवजी मोबाईल बघतो, एवढाच फरक. लक्षात घ्या, यातलं शेवटचं वाक्य खोटं नाही. देवाची सेवा खरंच कुठंही करता येते. मोह पुष्कळदा खऱ्या वाक्याचा आधार घेऊन येतो. अरण्यात सैतानानंही शास्त्रवचनच पुढे केलं होतं, स्तोत्र ९१ मधलं.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, विचाराला नाव द्यायचं. ‘माझं जीवन व्यर्थ आहे’ असं म्हणण्याऐवजी ‘हा उबग आहे, रोज याच वेळी येतो’ असं म्हटलं की विचार आणि आपण यांत अंतर पडतं. दुसरी, त्याला थोडक्यात उत्तर द्यायचं. येशूनं तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातलं एकेक वचन सांगितलं, लांबलचक वाद घातला नाही. इव्हाग्रियस यांनी याच धर्तीवर आठही विचारांसाठी शास्त्रातल्या उत्तरांचं एक पुस्तकच तयार केलं. तिसरी, काही मोहांपुढे थांबायचंच नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वा सर्पाशी बोलत राहिली. योसेफ मात्र पोटीफरच्या घरातून अंगावरचं वस्त्र सोडून पळाला. स्वतः इव्हाग्रियसही शहर सोडून निघाले. पळणं हाही प्रतिकारच आहे. उबग आला तर जागा सोडायची नाही, वासना आली तर सोडायची. कोणता विचार आला आहे हे ओळखल्याशिवाय हे ठरवता येत नाही, म्हणून नाव देणं आधी.

चौथी गोष्ट सांगायला जड जाते. वाळवंटातले साधक आपले विचार ज्येष्ठांपुढे उघड करत. लपवलेला विचार वाढतो, हा त्यांचा अनुभव. आपल्याकडे मंडळीत आपण आजार सांगतो, नोकरीची अडचण सांगतो, मोह सांगत नाही. कारण ऐकणारा त्याला पापच समजेल ही भीती. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला ‘आज फार इच्छा झाली’ असं निर्धास्तपणे म्हणता येत नसेल, तर तो एकटाच लढतो, आणि एकटा माणूस लवकर थकतो. ऐकणाऱ्यानं हा भेद समजून घेतला, तर त्या माणसाचा जीवही वाचू शकतो.

यात एक धोका आहे, तोही सांगायला हवा. सगळे विचार परतवले की कीर्तीची हाव येते: ‘बघा, आपण किती जिंकलो!’ इव्हाग्रियस म्हणत की, तिला घालवायला जे करावं, तेच तिचं नवं खाद्य होतं. म्हणूनच ख्रिस्ती परंपरा प्रतिकाराला निव्वळ मनोबलाचा खेळ मानत नाही. ऑगस्टीन यांनी कृपेवर एवढा भर दिला तो याचसाठी. संमती न देण्याचं बळसुद्धा मागावं लागतं. प्रभूच्या प्रार्थनेत ते मागणं अनेकवचनी आहे, ‘आम्हांस’ असं. शेजारी बसलेल्याचा मोहही त्यात आला.

तेव्हा उद्या सकाळी नको तो विचार मनात आला, तर घाबरून पडलो असं समजू नका, आणि ‘नुसता विचारच तर आहे’ म्हणून त्याला बसायला पाटही देऊ नका. तो आला आहे एवढंच अजून खरं आहे. पुढचं उत्तर आपलं आहे, आणि ते देताना मदत मागायची आपल्याला मुभा आहे.