फेरफार नोंदवही नसलेला सातबारा

१ ऑक्टोबर २०२१ रोजी जबलपूरच्या आयुध निर्माणी जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांचा धनी बदलला. आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि देशातले ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खमरियाची दारूगोळा निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे आणि व्हेईकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कंपनीकडे. कर्मचारी कागदोपत्री नव्या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर आले. याच शहरात १९४७ साली सुरू झालेल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पदव्यांवरही पिढीगणिक वेगळ्या विद्यापीठाचे नाव आहे; १९९८ नंतर त्यात भोपाळच्या राजीव गांधी तंत्र विद्यापीठाची भर पडली. आता या महाविद्यालयातून शिकून खमरियात वीस वर्षे काढलेल्या अभियंत्याने लिंक्डइनवर काय लिहायचे? नवे नाव घातले तर जुने पुसले जाते आणि जुनेच ठेवले तर पान शिळे दिसते. बहुतेक जण नवे घालतात, आणि जुनी ओळ कुठेच उरत नाही.

जमिनीच्या व्यवहारात ही अडचण महाराष्ट्राच्या महसूल खात्याने केव्हाच सोडवली आहे. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आणि कधी झाली, हे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते. लिंक्डइनचे पान म्हणजे फेरफार नसलेला सातबारा. त्यामागच्या विदागारात आपण ओळ बदलली की वाचणाऱ्याला नवी ओळ दिसते आणि जुनी परत मागण्याची सोय आपल्या हाती नसते. म्हणून त्या माहितीची प्रत काढून ठेवावी असे म्हणताना संकेतस्थळ बुडेल ही भीती मला दुय्यम वाटते. ठरावीक काळाने काढलेल्या, तारीख घातलेल्या प्रती एकापुढे एक ठेवल्या की आपली फेरफार नोंदवही आपोआप तयार होते. प्रत शिळी होते हा आक्षेप इथे उलटा पडतो: ती शिळी असते म्हणूनच कामाची असते.

यावर पहिला प्रतिवाद ठरलेला आहे. एवढी मोठी कंपनी, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरना घ्यायचे ठरवलेली. तिच्याकडे प्रती नसतील का? असतात, पण वेगळ्या कामासाठी. एखादी डिस्क किंवा सर्व्हर बंद पडला तरी सेवा चालू राहावी म्हणून तीच माहिती अनेक यंत्रांवर एकाच वेळी ठेवली जाते. आपण एखादी नोंद पुसली की ते पुसणेही तितक्याच तत्परतेने त्या सगळ्या यंत्रांवर पोचते. ही प्रतिकृती झाली, राखीव प्रत नव्हे. खाते गोठले, पासवर्ड गेला, शिफारस लिहिणाऱ्याने ती मागे घेतली, यांतल्या एकाही प्रसंगी ती आपल्या उपयोगी पडत नाही. शिवाय मोठेपणा ही हमी नसतेच. भारतात घरोघरी पोचलेले ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मायस्पेसने सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वीची गाणी आणि छायाचित्रे गमावल्याचे २०१९ मध्ये उघड झाले.

दुसरा आक्षेप असा, की बायोडेटाची फाइल संगणकावर आहेच. आहे, पण तिच्यात फक्त आपण लिहिलेले असते. लिंक्डइनकडून मिळणाऱ्या संचात इतरांनी आपल्याबद्दल लिहिलेल्या शिफारशी असतात, संदेश असतात, आणि संपर्कांच्या यादीत प्रत्येकाचे नाव, कंपनी, पद व जोडले गेल्याची तारीख असते. ईमेल पत्ते मात्र ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच मिळतात. बराचसा मजकूर सीएसव्ही फायलींत येतो, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या ओळी. दिसायला ओबडधोबड, पण कोणत्याही प्रणालीवर उघडणाऱ्या. मराठी माणसाला एक ठेच मात्र लागते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘जबलपूर’ या शब्दात दीर्घ ऊकार धरून सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. फाइल नुसती दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली तर तो अनेकदा प्रत्येक बाइटला वेगळे अक्षर समजतो आणि खिचडी दिसते. माहिती बिघडलेली नसते, वाचणारा चुकलेला असतो. फाइल आयात करताना यूटीएफ-८ निवडले की अक्षरे जागेवर येतात.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशी फाइल कुणीही बदलू शकतो, मग तिला पुरावा म्हणून किंमत काय? एकटीला फारशी नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही मागितले आहे. ते मूल्य म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेली खूण. एक स्वल्पविराम हलला तरी ती पार बदलते. पण मजकूर मुळात खरा होता की नाही, हे ती सांगत नाही. तरीही २००९ मध्ये आपल्या कामाबद्दल कुणी लिहिले आणि तेव्हा तो कुठे होता, एवढा माग मिळाला तरी खरा पुरावा कुणाकडे मागायचा ते कळते.

प्रत मिळण्याचा हक्क मात्र आपल्याकडे कच्चा आहे. युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीत आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क कलम २० देते. भारताच्या २०१९ च्या माहिती-संरक्षण विधेयकात तो होता. २०२३ च्या कायद्यातून गळला. आपल्या माहितीचा सारांश मागण्याची तरतूद राहिली. तेव्हा सोय आहे तोवर ती वापरावी. संचात इतरांचे खासगी संदेश असतात, म्हणून तो सांकेतिक कुलूप लावूनच ठेवावा, आणि एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नये. फ्लॅश स्मृतीतला विद्युतभार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेने अधिक वेगाने; जबलपूरचा मे महिना त्याला पोषकच. लिंक्डइनच्या सेटिंग्जमधल्या ‘डेटा प्रायव्हसी’त मागणी नोंदवली की संच साधारण २४ तासांत तयार होतो. तो उतरवून घेण्याचा दुवा ७२ तासांनी बंद होतो.