गावच्या आंब्याला भिरूड : भुसा दिसताच जागे व्हा



आपल्या बागेतल्या कलमावर धन्याची नजर असते. पण शाळेसमोरचा किंवा रस्त्याकडेचा जुना आंबा सगळ्या गावाचा, म्हणून त्याच्याकडे पाहणारा कोणीच नाही. खोड पोखरणारा भुंगेरा, म्हणजेच भिरूड, अशाच झाडात मुक्काम ठोकतो. वरून झाड हिरवेगार, आतून पोकळ. मग वळवाच्या वाऱ्यात फांदी कडाडते, आणि खाली कोण उभे असेल ते सांगता येत नाही.

कीड ओळखा : भुंगेरा करडा-तपकिरी, सुमारे ५ सेंटिमीटर लांब, मिशा लांबलचक, मानेमागे दोन नारिंगी ठिपके. तो पावसाळ्याच्या सुरुवातीस बाहेर पडतो व रात्री दिव्याकडे येतो. मादी सालीच्या भेगांत व जखमांत अंडी घालते. अळी पांढरट, बिनपायांची, बोटाएवढी. ती कित्येक महिने आतले लाकूड खाते. फणस व अंजीर यांनाही ती सोडत नाही. इस्राएलमध्ये हाच भुंगेरा बाहेरून शिरला आणि तिथल्या अंजिरांना डोईजड झाला.

पाहणी कशी करावी :

१. गावातल्या झाडांना गेरूने नंबर घाला. प्रत्येक झाड दोघांकडे सोपवा.

२. दर पंधरवड्याला बुंधा व जाड फांद्या पाहा. भोके, भुसा, चीक किंवा एखादीच फांदी सुकलेली दिसली तर वहीत लिहा.

३. भुसा झाडून काढा, भोकाभोवती चुन्याची खूण करा. आठ दिवसांनी पुन्हा ताजा भुसा पडला, तर अळी आत जिवंत आहे असे समजा.

उपाय : तारेचा आकडा घालून अळी ओढून काढा. नंतर पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा भोकात सारून ओल्या मातीने लिंपा. जवळपास विडी-काडी पेटवू नका. जुन्या पत्रकांत डायक्लोरोव्हॉस सांगितलेले आढळेल. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, ते वापरू नका.

किडके लाकूड सरपणासाठी रचून ठेवू नका. अळी त्यातही वाढते, आणि लाकूड परगावी गेले की कीडही जाते. पावसाळ्यापूर्वी ते जाळून टाका. बुंध्याला खिळे ठोकू नका, कोयत्याचे घाव घालू नका. जखम म्हणजे भुंगेऱ्याला उघडे दार.

फांदी पोकळ झालीच असेल, तर ग्रामपंचायतीला कळवून वेळीच उतरवून घ्या. झाड वाचेल, माणसेही वाचतील.