वय वर्षं सतरा, गुन्हा खुनाचा

'निबंध लिहून घेतला आणि सोडलं!' मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर गेले, तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. संताप साहजिकच होता. पण त्यातून एक समज पक्का झाला, की अठराच्या आतल्या मुलाला कायदा कान पकडून घरी सोडतो. खून, बलात्कारासारख्या गुन्ह्यांत तसं नाही. म्हणजे, आता नाही.

डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारातल्या सहा आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी होता. त्याला मिळाली तीन वर्षं. तेव्हाच्या कायद्यात कमाल तेवढीच होती. २० डिसेंबर २०१५ला तो सुटला आणि दोनच दिवसांत राज्यसभेनं नवा कायदा मंजूर केला. एवढी घाई आपल्या संसदेला एरवी कुठे असते?

२०१६पासून असं आहे: गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल आणि मुलगा सोळा ते अठराचा असेल, तर बाल न्याय मंडळ आधी त्याची समज तपासतं. आपण काय करतोय, त्याचे परिणाम काय, हे त्याला कळत होतं का? होतं, असं वाटलं तर खटला मोठ्यांसारखा चालू शकतो. (पुण्याच्या मुलाबाबत ही मागणी मंडळानं जुलै २०२५मध्ये फेटाळली.) फाशी नाही, कधीच न सुटण्याची जन्मठेपही नाही. पण मोठ्यांसारखा दोषी ठरला, तर गुन्ह्याचा डाग पुसला जात नाही. एचआरवाल्यांचं बॅकग्राउंड चेक आठवा!

खरी मेख पुढेच आहे. शिक्षा झाली तरी एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला तुरुंगात टाकत नाहीत. वेगळ्या सुरक्षित गृहात ठेवतात. तिथे शिक्षण, समुपदेशन, एखादं काम शिकवणं, दरवर्षी प्रगतीचा रिपोर्ट, सगळं कायद्यात लिहिलंय. एकवीस पूर्ण झाल्यावर शिक्षा बाकी असेल, तर कोर्ट पुन्हा बघतं, पोरगा सुधारला का? हो म्हटलं तर देखरेखीखाली बाहेर, नाही म्हटलं तर उरलेली वर्षं मोठ्यांच्या जेलमध्ये.

थोडक्यात, ही त्याची फायनल. पण वर्गात शिकवायलाच कुणी आलं नसेल तर? समुपदेशक किती वेळा भेटला, कोर्स खरंच झाला की नुसता कागदावर, हे कोर्टानं त्या मुलाआधी त्या गृहाला विचारावं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनाही तेच जाणून घ्यायचं असतं: बाहेर येतोय तो तोच आहे, की बदललाय? टीव्हीवर मात्र सोळा की अठरा यावरच आवाज चढतात. एकविसाव्या वर्षीच्या या परीक्षेवर पॅनल बसलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.